धोंड्याच्या वाणातले चार टायर

धोंड्याच्या महिन्यात जावयाला मोटारीचे चार टायर वाण म्हणून देणारं घर आमच्या गल्लीत तरी आमचंच. बाकीचे लोक चांदीचा दिवा देतात, कपडे करतात, हौस असली तर अंगठी घालतात. आम्ही टायर दिले. टायर दिले यात चुकलं असं मी आजही म्हणत नाही. चुकलं ते निराळं, आणि ते मी इतके दिवस पोटात ठेवलं होतं की पोटानंच शेवटी तक्रार केली.

आई-वडील गेल्यापासून माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, माहेर म्हणजे मी आणि माझी बायको. आक्का गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यात दिलेली. दाजींची उसाची शेती. त्यांचा आवाज असा की बांधावरून बायकोला हाक मारली तर तीन शेतांपलीकडचा माणूस ‘काय?’ म्हणून विचारतो. मी नेमका उलटा. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. ‘आमचं मेव्हणं गप्प बसायचा पगार घेत्यात,’ असं दाजी लग्नाकार्यात चारचौघांना सांगतात. घरीसुद्धा माझा मुख्य शब्द म्हणजे ‘बघू’.

अधिक महिना लागायच्या आधीपासून बायको विचारत होती, ‘दाजींना धोंड्याला काय द्यायचं?’

मी म्हणत होतो, ‘बघू.’

बघता बघता अधिक लागला, आक्का-दाजींना जेवायला बोलावलेला रविवार उद्यावर आला, आणि बायको अनारशाचं पीठ मळता मळता म्हणाली, ‘आता तरी बघितलं का काही? का नुसते अनारसेच देऊन पाठवायचं माणसाला? जा, माळ्यावरची मोठी परात तरी काढून द्या.’

परात काढायला मी माळ्यावर गेलो आणि तिथं ते चार टायर भेटले. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मीच ठेवलेले. आमची आधीची छोटी गाडी होती, तिच्यासाठी मी हौसेनं आणले होते. बसवायचे त्याच आठवड्यात महापूर आला, गाडी गेली पाण्यात आणि टायर राहिले माळ्यावर. नंतर घेतलेल्या गाडीला ते बसेनात. विकायचं म्हटलं तर दुकानदाराशी बोलावं लागलं असतं. मग राहिले. सात वर्षं राहिले.

आणि दाजींची गाडी नेमकी आमच्या त्या बुडालेल्या गाडीसारखीच. मागच्याच महिन्यात ते फोनवर म्हणाले होते, ‘टायर पार टकलं झाल्यात हो, घालायला पायजेत.’

मी परातीआधी एक टायर खाली आणला. बायकोचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच मी काहीतरी नीट बोललो.

‘अगंबाई! नवे कोरेच आहेत की! असं वाण कुणी दिलं नसेल हो.’

इथं मला थांबता आलं असतं. कारण टायर हातात घेतल्यावर मला दिसलं होतं. काळा म्हणून ठेवलेला टायर राखी झाला होता. बाजू वाकवून बघितली तर म्हाताऱ्या हत्तीच्या गुडघ्यावर असतात तशा बारीक भेगा. आमचा माळा पत्र्याखाली आहे. मे महिन्यात तिथं ताटात घालून ठेवले तर पापड आपोआप भाजावेत. न वापरलेली वस्तू नवी असते, हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. म्हणजे माझ्या हिशेबानं मोठ्यानं, मनातल्या मनात. आईची पैठणी वीस वर्षं कपाटात होती, ती सुनेला दिली तेव्हा नवीच म्हणून दिली ना? मग?

पण पैठणीवर बसून कुणी घाट उतरत नाही, हे त्या वेळी सुचलं नाही.

आता माझी खरी करामत सांगतो. मी कोल्हापूरचा माणूस. आपल्याकडं चप्पल कडक झाली, कातड्याला भेगा पडायला लागल्या की काय करतात? तेल पाजतात. दोन दिवस तेल प्यायली की चप्पल लोण्यासारखी मऊ. मला वाटलं, कातडं काय आणि रबर काय, दोन्ही पायातलंच. चपलेची तेलाची बाटली बघितली तर रिकामी. स्वयंपाकघरात कढईत अनारसे तळून उरलेलं तूप होतं. बायको शेजारी अनारसे दाखवायला गेली होती. मी कढई उचलली आणि मागच्या दारी बसून, जुन्या बनियनच्या बोळ्यानं, चारही टायरना साजूक तूप चोळलं. असे चमकले की दिवाळीच्या पाडव्याला मिरवणुकीत निघालेल्या म्हशी लाजाव्यात.

रविवारी टायर हॉलमध्ये पाटावर मांडले होते. प्रत्येकाला हळदी-कुंकू, मधोमध झेंडूचं फूल, आणि तेहतीस अनारशांचं ताट चौथ्या टायरच्या पोकळीत. बायकोनं दाजींना ओवाळलं. दाजी टायरभोवती असे फिरले जसं कुणी गाभाऱ्याभोवती फिरतं.

‘पावणं! बोलत न्हाईसा, पर नेमकं ध्यानात ठेवलंसा की!’ त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘आमच्या गावात धोंड्याला एकाला बी असं मिळालं न्हाई. काय गं?’

आक्का पदरानं डोळे टिपत होती. ‘माझा भाऊ लहानपणापासनं तसाच हाय. मुका, पर काळजी करणारा.’

दाजी वाकले आणि त्यांनी वास घेतला. ‘नव्या टायरला असा वास येतोय व्हय? गोडसर?’

‘हं,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गावच्या गॅरेजमध्ये टायर बसवून झाले होते.

‘पावणं, गॅरेजवाला म्हणतोय, टायरला मुंग्या लागल्यात. आन् खसखस हाय म्हणं चिकटलेली.’

मी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.

‘मी म्हटलं, वाण हाय त्ये, गोड असणारच की!’ आणि दाजी स्वतःच्या विनोदावर एवढं हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. ‘बरं, पुढच्या सोमवारी ह्याच टायरवर लेकीकडं जाऊन येतो सावंतवाडीला. आंबोली उतरून. हिला घिऊन.’

त्या फोननंतर मी जेवलो नाही. आंबोलीचा घाट मी बघितलेला आहे. आणि त्या घाटात माझी आक्का, माझ्या तुपावर.

दुपारी सुट्टी टाकून उद्यमनगरात गेलो. एका टायरच्या दुकानाबाहेर बऱ्याच फेऱ्या मारल्या, मग आत शिरून विचारलं की माझ्या एका मित्राकडे न वापरलेले टायर आहेत, सात वर्षांचे, तर ते नवे म्हणायचे की जुने?

दुकानदार पान खात होता. ‘न वापरलेला टायर जुना कसा हुईल? टायर म्हंजे काय दूध हाय व्हय नासायला? रस्त्यावर उतरलाच न्हाई म्हंजे नवाच की त्यो.’

मी हलका होऊन बाहेर आलो. मिसळ खायचा विचारसुद्धा केला. पण चार पावलांवर दुसरं दुकान होतं, आणि माझ्यासारख्या माणसाच्या मनाला एका माफीनं भागत नाही.

दुसऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘टायर म्हंजे पाव, साहेब. वापरा न्हाईतर ठेवा, कडक व्हायचा तो हुतोयच.’ त्यानं एक टायर ओढून बाजूवर बोट ठेवलं. अक्षरांच्या लांबलचक रांगेच्या शेवटी चार आकडे होते. ‘ही बघा जन्मतारीख. पयलं दोन आठवड्याचं, पुढचं दोन सालाचं. सावलीत ठेवलेला, वर्ष-दोन वर्षांचा असला तर आम्ही बी नवा म्हणूनच विकतो. त्यात खोट न्हाई. पाच वर्षं झाली की डोळ्यात तेल घालून बघायचा. धा झाली की वापरलेला असू दे न्हाईतर नसू दे, सोडून द्यायचा. तुमच्या मित्रानं ठेवलंत कुठं?’

‘माळ्यावर. पत्र्याखाली.’

‘मग भाजल्यात की ते. भेगा?’

‘बारीक.’

‘पावसात धरायचं न्हाईत रस्ता. वर काय लावलंय काय त्यानं? लोक काय बी लावत्यात.’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो.

‘लावलंय काय?’

‘तूप,’ मी म्हणालो.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘कसलं?’

‘साजूक.’

तो उठला आणि रस्त्यापलीकडं ओरडला, ‘अरं ए, हिकडं ये! टायरला साजूक तूप लावणारा गडी घावलाय!’ पलीकडचा मेकॅनिक हात पुसत आला, पहिल्या दुकानाचा मालकही पानासकट आला. मग मित्राच्या बुद्धीवर सविस्तर चर्चा झाली. तेल-तुपानं रबर उलट लवकर खराब होतं, हे मला तिघांनी तीन तऱ्हेनं समजावून सांगितलं.

‘मग आता काय करावं त्यानं?’ मी विचारलं.

‘काय करणार? नात्यात द्यायचं कुणाला तर!’ मेकॅनिक म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर ओळखलं असतं.

घरी येऊन आक्काला फोन लावला. सरळ सांगायचं ठरवलं होतं. ‘आक्का, ते टायर जुने आहेत, गाडी काढू नका,’ बस, एवढंच वाक्य. त्यातलं ‘आक्का, ते टायर’ इतकं आलं. पुढं तिनंच विचारलं, ‘टायरचं काय?’ आणि माझ्या तोंडातून निघालं, ‘वाणाच्या वस्तूवर अधिक संपेपर्यंत बसायचं नसतं म्हणे.’

हे कुठून आलं, मला ठाऊक नाही. असा नियम कुठंही नाही. मी तिथल्या तिथं उभ्या उभ्या केला.

‘कुणी सांगितलं?’

‘एका ग्रंथात आहे.’

ग्रंथालयातला माणूस ग्रंथात आहे म्हणाल्यावर आक्का काय बोलणार? पण तिथं तिची सासू होती. त्या माउलीनं हा नियम असा उचलला जसा त्या लहानपणापासून पाळत आल्या होत्या. ‘आमच्या आज्जीबी असंच म्हणायच्या,’ असं त्यांनी आळीत सांगितलं. आठवड्याभरात तिथल्या दुसऱ्या एका जावयाची धोंड्यात मिळालेली स्कूटर चादर पांघरून गोठ्यात उभी राहिली आणि तो बिचारा चालत कारखान्यावर जायला लागला. दाजींची गाडी दारात, बोनेटवर रोज ताजं फूल. लेकीकडं जाणं पुढं ढकललं. तिचे दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, बाळंतपण सासरीच होणार होतं. आता बारशालाच जाऊ, असं ठरलं. अधिकानंतर.

मी म्हटलं, तोवर सांगू. महिना आहे.

महिना गेला. टायर आणखी एक महिन्यानं जुने झाले, एवढाच काय तो माझ्या नियमाचा फायदा. मध्ये पाऊसही लागला. बारशाच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी गडहिंग्लज गाठलं आणि तिथून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपनं आक्काच्या गावात पोचलो. वाटेत वाक्य घोकत होतो. दारात गाडी धुऊन, पुढं लिंबू-मिरची बांधून तयार. दाजी मला बघून ओरडले, ‘आला! मामा आला! मी म्हटलंच हुतं, मामाबिगार बारसं कसलं! बसा, बसा!’

‘दाजी, मला जरा...’

‘चहा वाटंत घिऊ! मुहूर्त चुकंल!’

आणि मी बसलो. लिहितानासुद्धा लाज वाटते, पण मी गुमान मागच्या सीटवर बसलो. आक्कानं माझ्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, वर दुपट्यांचं गाठोडं, आणि गाडी निघाली. प्रत्येक खड्ड्याला मी डबा घट्ट धरत होतो, जणू डबा फुटणार होता. दाजींनी एका ट्रकला मागं टाकलं तेव्हा मी डोळे मिटले. रस्ता ओला होता. आक्का नातवाचं नाव काय ठेवतील याची चर्चा माझ्याशी करत होती आणि मी ‘बघू’ म्हणत होतो.

आजरा मागं पडायला आलं. पुढं घाट. माझ्या तोंडातून एकदम आलं, ‘थांबवा!’

दाजींनी गाडी कडेला घेतली. ‘उलटी?’

मी उतरलो. आक्का धावत आली आणि तिनं माझ्या तोंडात आलेपाकाची वडी कोंबली. त्या वडीसकट मी बोललो.

‘काय म्हणतोय ह्यो?’ दाजी म्हणाले.

‘टायर जुने आहेत.’

‘कुणाचं?’

‘तुमचे.’

‘नवं हायत की! तुम्हीच दिलंसा.’

‘म्हणूनच,’ मी म्हणालो.

मग बांध फुटल्यासारखं सगळं आलं. माळा, पत्रा, भेगा, चार आकडे, कढई.  दाजी गाडीभोवती फिरले. वाणाच्या दिवशी फिरले होते तसे नव्हे. एका टायरजवळ उकिडवे बसून त्यांनी नखानं भेग चाचपली.

‘म्हंजे ती खसखस...’

‘अनारशाची.’

ते हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. आक्काकडं बघत राहिले. आक्का मैलाच्या दगडावर बसली होती.

‘आन् तूबी गाडीत बसलास की रं,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘आमच्या संगं मेला असतास, पर तोंड उघडलं नसतंस.’

ते खरं होतं. मी लाडवांचा डबा धरून उभा होतो. आजही ते वाक्य आठवलं की मी करत असलेलं काम थांबतं.

थोड्या वेळानं आक्काच उठली. ‘चला मागं. आजऱ्यात दुकान असंल.’

दुकान होतं. त्या मापाचे टायरही होते. दुकानदारानं पहिला टायर काढला तसे आम्ही तिघंही एकदम त्यावर वाकलो.

‘काय बघतासा पावणं? टायर घ्यायला आलासा का पोरीची पत्रिका जुळवायला?’

मी पुढं होऊन आकडे वाचायला लागलो, तर आक्कानं मला कोपरानं बाजूला केलं. ‘तू सर.’ तिनं चष्मा लावला, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि चारही टायर फिरवून फिरवून, बोट ठेवून वाचले. चौथ्याला तिनं वासही घेतला. ‘रबराचा येतोय,’ असं म्हणून उठली. टायर याच सालचे होते, पण ते तिला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. तो तिचा हक्क होता.

पैसे मी पुढं केले तसे दाजी आडवे आले. ‘अधिक संपला आता. आता वाण न्हाई घ्यायचं.’

‘वाण न्हाई हे,’ आक्का म्हणाली. ‘दंड हाय. घ्या.’

फिटरनं जुने टायर काढून भिंतीला टेकवले आणि विचारलं, हे इथंच ठेवू का? दाजी घाबरून म्हणाले, ‘नगं, नगं! देवाच्या नावानं दिलेलं हाय, वाटंत टाकायचं न्हाई.’ त्यामुळं ते चौघे गाडीच्या टपावर दोरीनं बांधले गेले. बारशाला निघालेल्या आमच्या गाडीला खाली चार टायर आणि डोक्यावर चार. पुढं आंबोलीत मक्याची कणसं विकणाऱ्या बाईनं विचारलंच, ‘पंक्चरचं दुकान हाय व्हय?’

मला आक्कानं मागं बसू दिलं नाही. ‘फुडं बस. काय झालं तर पयल्यांदा तुला कळू दे.’ मी पुढं बसलो. घाट सुरू झाला, धुकं इतकं की बोनेटच्या पुढं जग संपलेलं. माझा उजवा पाय, जिथं काहीच नसतं तिथं, ब्रेक दाबत होता.

‘बोल,’ मागून आक्का म्हणाली.

‘काय बोलू?’

‘आनी काय काय दाबून ठेवलंयस त्ये बोल. आत्ताच. घाट संपायच्या आत.’

आणि मी बोलायला लागलो. वाणाच्या वस्तूवर बसायचं नसतं हे कुठल्याच ग्रंथात नाही, हे आधी सांगितलं. आक्का ‘अगं आई गं’ म्हणाली, आणि दाजी म्हणाले, ‘हे आईला सांगू नगासा, तिनं पार भजनी मंडळात सांगितलंय.’ मग दाजींनी दिलेला कोंबडा मी शेजाऱ्यांना दिला होता ते सांगितलं. दाजींनी फोनवर पाठवलेली त्यांच्या भाषणाची चित्रफीत मी कधीच पूर्ण बघितली नाही, ते सांगितलं. आक्काच्या लग्नात रडलो होतो ते तेव्हा सांगितलं तसं होमाच्या धुरानं नव्हे, हेही सांगितलं. तिथं तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण मला थांबताच येईना. दहावीतले मार्क, फुटलेली फुलदाणी, ग्रंथालयात ‘पुस्तक बाहेर गेलंय’ असं सांगून मी स्वतः वाचत बसतो ते, सगळं. हात हलवून बोलत होतो, दाजींच्या तोंडासमोर.

शेवटी दाजींनी काच पुसली, स्टिअरिंगला छाती टेकवली आणि ओरडले, ‘पावणं, आता जरा गप बसा की! वळण दिसंना झालंय!’